लायब्ररीत पुस्तकं आहेत, मुलं घेऊनही जातात, पण वाचत नाहीत. काय करता येईल?

गणितमॅडम

नमस्कार. यंदा शाळेच्या लायब्ररीचं काम माझ्याकडे आलंय. मी मूळची गणिताची, ग्रंथालयशास्त्र शिकलेली नाही आणि शाळेत वेगळा ग्रंथपाल नाहीये, म्हणून इथे अनुभवी लोकांना विचारतेय. जरा सविस्तर लिहिते म्हणजे तुम्हाला नेमकं सांगता येईल.

पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत. पुस्तकं कमी नाहीत, कपाटं भरलेली आहेत, पण सगळी कुलपात. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक लायब्ररीचा तास. त्यात आधीपासूनची पद्धत अशी की मुलांनी हजेरीच्या क्रमाने पुढे यायचं, टेबलावर काढून ठेवलेल्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक घ्यायचं, रजिस्टरला सही करायची आणि पुढच्या आठवड्यात परत आणायचं. रजिस्टर भरलेलं आहे, पण परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की कळतं हे उघडलेलंच नाही. सहज विचारलं काय होतं रे यात, तर मुलं नाव सांगतात आणि गप्प बसतात.

कपाटं उघडावीत असं मला मनापासून वाटतं पण दाखल नोंदवही, म्हणजे शाळेच्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, माझ्या सहीने आहे, पुस्तकं हरवली तर जबाबदारी माझी, त्याची भीती आहे. मुख्याध्यापक म्हणतात प्रत्येक मुलाला वाचलेल्या पुस्तकांबद्दल लिहायची परीक्षण वही घाला आणि सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस द्या. त्यांचा हेतू चांगलाच आहे, पण मला खात्री वाटत नाहीये. आठवीच्या पुढची मुलं सरळ म्हणतात वेळ नाही. आणि ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते म्हणजे प्रत्येक वर्गात काही मुलं अशी आहेत की त्यांना अजून सलग वाचताच येत नाही, ती चित्रं बघतात आणि पुस्तक मिटून बसतात. त्यांना वाचा वाचा म्हणून काय उपयोग?

कुठून सुरुवात करू?

जुना ग्रंथपाल

मॅडम, सुरुवात कुलपापासून. बाकी सगळे उपाय त्याच्यानंतर. मी बरीच वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काम केलंय, त्या अनुभवावरून सांगतो, ज्या पुस्तकाला मुलाचा हात लागत नाही ते पुस्तक मूल वाचत नाही.

तुम्ही गणिताच्या आहात तर डॉ. एस. आर. रंगनाथन तुम्हाला जवळचे वाटतील. तेही गणितच शिकवायचे, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे आयुष्यभर हेच काम केलं. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच असं की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. आज वाचताना वाटतं की हे काय सांगायला हवं का, पण मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने बांधून ठेवलेली असत, कारण हाताने लिहिलेली एकेक प्रत तयार व्हायला खूप काळ लागायचा आणि ती गेली की गेली. त्या काळी साखळीला कारण होतं. छापील पुस्तकाच्या कपाटाला कुलूप लावायला आता तसं कारण उरलेलं नाही.

दुसरं आणि तिसरं सूत्र तुमच्या गठ्ठ्याच्या पद्धतीबद्दलच आहे असं समजा. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. हजेरीच्या क्रमाने वरचं पुस्तक उचलायला लावलं की ही दोन्ही सूत्रं मोडतात. क्रिकेटचं पुस्तक जिला हवं तिच्या हातात थोरांचं चरित्र, आणि चरित्र ज्याला आवडलं असतं त्याच्या हातात कोडी. ती पुस्तकं न उघडता परत येतात यात मुलांचा काही दोष नाही.

हरवण्याबद्दल. उघड्या फळ्यांवरची काही पुस्तकं हरवतील, काही फाटतील, हे मुख्याध्यापकांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्या आणि वापरातली नैसर्गिक झीज म्हणून थोडी मर्यादा लेखी ठरवून घ्या. वर्षअखेरीला साठा तपासणीत जी सापडणार नाहीत त्यांची यादी समितीपुढे ठेवायची, हा रीतसर मार्ग आहे, तुम्ही एकट्याने जबाबदारी अंगावर घ्यायची गरज नाही. आणि भरपाईच्या भीतीने पुस्तकच न नेणारी मुलं असतात, ती नोंदवहीत कुठेच दिसत नाहीत, त्यांचाही विचार करा. संदर्भग्रंथ, शब्दकोश, दुर्मिळ काही असेल ते ठेवा कुलपात, त्याला हरकत नाही.

आता सगळ्यात अवघड काम, जे कोणीच करत नाही. पुस्तकं बाद करणं. भरलेलं कपाट बघून मोठ्यांना बरं वाटतं पण मुलाला त्या गर्दीत चांगलं पुस्तक दिसतच नाही. पिवळी पडलेली, अक्षर बारीक, बांधणी सुटलेली, माहिती जुनी झालेली पुस्तकं बाजूला काढा. सोपी चाचणी सांगतो, खगोलशास्त्राच्या पुस्तकात प्लूटो नववा ग्रह असेल तर ते २००६ च्या आधीचं आहे, कारण त्या वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला बटुग्रहांत टाकलं. असं पुस्तक मुलाच्या हातात देणं म्हणजे चुकीचं शिकवणं. फक्त स्वतःच्या अधिकारात काही टाकून देऊ नका, निर्लेखनाची, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांची यादी करा, मंजुरी घ्या, दाखल नोंदवहीत शेरा मारा.

उरलेल्यांतली निवडक पुस्तकं कणा दिसेल अशी न लावता कव्हर समोर दिसेल अशी ठेवा. सगळी ठेवता येणार नाहीत, एका फळीवर आठ दहा ठेवा आणि आठवड्याने बदला. मुलं कव्हर बघून पुस्तक उचलतात, मोठेही तसंच करतात.

मांडणीसाठी पुस्तकांना विषयानुसार आकडे देणारी ड्युई दशांश पद्धत वापरा, १८७६ पासून चालत आलेली आहे, दहा मुख्य वर्ग आहेत, तुम्हाला तर आकड्यांची सवय आहेच. खालच्या वर्गांसाठी विषयवार रंगीत पट्टी पुरते. पण मुलं आकडेही पटकन शिकतात हं, ग्रहताऱ्यांसाठी ५२३, डायनासोरसाठी ५६७.९, लोककथांसाठी ३९८.२, खेळांसाठी ७९६. आपल्या आवडीचा आकडा पाठ असलेलं मूल लायब्ररीत शिरलं की सरळ त्या फळीकडे जातं, कोणाला विचारत बसत नाही.

बाकावरची

मी अकरावीत आहे, त्यामुळे शाळेची लायब्ररी अजून नीट आठवते. आम्ही का वाचायचो नाही ते सांगते, उपयोग झाला तर बघा.

एक तर लायब्ररी फक्त तासाला उघडी. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर बंद. म्हणजे गुरुवारी पुस्तक वाचून झालं तर पुढच्या बुधवारपर्यंत थांबायचं आणि तोपर्यंत वाचायचा मूडच जायचा, आणि जाडं पुस्तक घेतलं तर उलटं, एका आठवड्यात संपायचं नाही पण परत तर करावंच लागायचं आणि ते लगेच दुसऱ्या कोणाला दिलं जायचं. मी एका कादंबरीचा शेवट अजून वाचलेला नाही.

मालिकेतली पुस्तकं असायची त्यातला पहिला भाग आणि चौथा भाग असायचा, मधले नाहीतच. एखाद्या मुलाला मालिका आवडली ना की तो सगळे भाग वाचून काढतो, त्याला कोणी सांगावं लागत नाही, मग मधले भाग का घेत नाहीत हे मला कधीच कळलं नाही.

आणि नववीत असताना मला सोपी पुस्तकं वाचायला आवडायची पण त्यांच्यावर इयत्ता पाचवी सहावी असं मोठ्या अक्षरात स्टिकर असायचं. ते घेऊन वर्गात कोण जाणार. प्लीज इयत्तेची स्टिकरं काढून टाका मॅडम.

गणितमॅडम

@जुना ग्रंथपाल सर, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून ठेवलंय. @बाकावरची, तू लिहिलंस ते वाचून मी आजच जाऊन बघितलं, आमच्याकडेही स्टिकर आहेत आणि मालिकांचे भागही तसेच अर्धवट आहेत. मुदतीचा नियम बदलणं तर माझ्याच हातात आहे, दोन आठवडे करते आणि मागणी नसेल तर पुन्हा वाढवून द्यायचं. मधल्या सुट्टीत उघडी ठेवायची तर मला एकटीला जमणार नाही, मुलांची मदत घ्यावी लागेल.

परीक्षण वही आणि बक्षीस याबद्दल कोणी सांगेल का? सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलायचंय.

शाईपेन

बक्षिसावर लिहितो, माझा विषय मानसशास्त्र आहे.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता, आमच्या विषयात तो सगळ्यांना माहीत असतो. ज्या मुलांना रंगीत स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर रिबिनीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. मग काही दिवसांनी ते पेन परत वर्गात ठेवले, बक्षिसाचा विषय नाही, ज्याला हवं त्याने घ्यावं. तर ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांना देत होती. अचानक मिळालेल्यांचं आणि काहीच न मिळालेल्यांचं मात्र तसं झालं नाही.

वाचनाला हे लावताना थोडं सांभाळून बोलायला हवं, कारण ज्याला मुळात अजिबातच गोडी नाही त्याला पहिल्यांदा दाराच्या आत आणायला लहानसं आमिष चालून जातं, गोडी नाहीच तर कमी काय होणार. पण जी मुलं आपणहून वाचतायत त्यांना संख्येवर बक्षीस लावलंत तर दोन गोष्टी होतील, ती पातळ पुस्तकं शोधायला लागतील आणि न वाचता नाव लिहायला लागतील. संख्येची स्पर्धा वर्गातली दोन तीन मुलंच जिंकतात, आणि हळू वाचणारं मूल पहिल्या महिन्यातच ठरवतं की हे आपल्यासाठी नाही.

द्यायचंच असेल तर पुस्तकाशी जोडलेलं द्या. नवीन आलेलं पुस्तक सगळ्यात आधी वाचायला मिळणं, पुढच्या खरेदीच्या यादीत एक पुस्तक सुचवायचा हक्क, लायब्ररीत मदतनीस होणं. मुख्याध्यापकांना सांगा की बक्षिसाची रक्कम मालिकांचे राहिलेले भाग आणायला वापरूया, पटेल त्यांना.

भाषेचा तास

मी थोडं विरोधात लिहिणार आहे. मी भाषा शिकवतो आणि वही, परीक्षण वगैरे सगळं काढून टाका, मुलांना नुसतं मोकळं सोडा म्हणजे ती वाचायला लागतील, हे मला पटत नाही. मोकळं सोडलेल्या तासात काय होतं ते मी पाहिलंय, निम्मी मुलं पान उघडं ठेवून शेजाऱ्याशी बोलत असतात, आणि ज्यांना वाचनाची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तीच.

शांत वाचनाचा तास ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत लायमन हंट यांनी मांडली, नंतर ती जगभर पसरली. पण २००० मध्ये तिकडच्याच नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञांच्या समितीने उपलब्ध अभ्यास तपासले तेव्हा नुसतं शांत वाचायला बसवल्याने वाचनाचा ओघ, म्हणजे न अडखळता वाचणं, आणि समज वाढते असं म्हणायला पुरेसा प्रायोगिक पुरावा मिळाला नाही असं त्यांनी नोंदवलं. मग आपण कशाच्या जोरावर इतकं खात्रीने बोलतोय?

वही नको असेल तर दुसरं काहीतरी हवं, पण मुलाने काय वाचलं हे कोणीतरी विचारणारं असायलाच हवं.

जुना ग्रंथपाल

सर, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. पॅनेलबद्दल एवढंच की त्यांनी उपयोग होत नाही असं म्हटलं नव्हतं, हाती असलेल्या अभ्यासांवरून काही ठरवता येत नाही असं म्हटलं होतं, आणि आणखी संशोधन व्हावं असंही. त्यानंतर बऱ्याच शिक्षकांनी शांत वाचनाच्या तासाला जोड दिली ती अशी की शिक्षक टेबलावर वह्या तपासत बसत नाही, एकेका मुलाजवळ जाऊन दोन तीन मिनिटं हळू आवाजात बोलतो. कुठपर्यंत आलास, हा मुलगा असा का वागला असेल, एक परिच्छेद वाचून दाखव बरं. पुस्तक झेपत नसेल तर तिथेच कळतं आणि तिथेच बदलून देता येतं.

वहीत मूल काय लिहितं? लेखकाचं नाव, प्रकाशक, सारांश, मला हे पुस्तक खूप आवडले, यातून बोध मिळाला. मागच्या कव्हरवरून उतरवता येतं सगळं. तोंडी विचारलं की तसं करता येत नाही.

सातवी ब

दोघांचं बरोबर आहे असं मला वाटतं, मी दोन्ही एकत्र करते माझ्या वर्गात. लायब्ररीतून महिन्याला चाळीस पन्नास पुस्तकांची एक पेटी वर्गात आणते, वर्गाच्या नावावर, दोन मुलं तिची नोंद ठेवतात. रोज पहिल्या तासाआधी पंधरा मिनिटं सगळे वाचतात, मीही वाचते, मोबाईल नाही, तपासायच्या वह्या नाहीत, फक्त पुस्तक. हे शिक्षकाने स्वतः वाचणं लोक सोडून देतात आणि मग म्हणतात मुलं गडबड करतात.

आणि वहीऐवजी चिठ्ठ्या. पुस्तक आवडलं तर एका ओळीत कोणासाठी आहे ते लिहायचं आणि चिठ्ठी पुस्तकातच बाहेर डोकावेल अशी ठेवायची. भुताच्या गोष्टी आवडत असतील तर घे. पहिली वीस पानं कंटाळवाणी आहेत पण नंतर सोडवत नाही. मुलं माझ्या शिफारशीपेक्षा या चिठ्ठीवर जास्त विश्वास ठेवतात. नाही आवडलं तर अर्ध्यात सोडायची परवानगी आहे, कारण विचारायचं पण ओरडायचं नाही. सक्ती काहीच नाही तरी चिठ्ठ्या भरपूर येतात.

दोन मुलांचा बाबा

पालक म्हणून एक विचारू का, विषयाला धरूनच आहे. माझा धाकटा फक्त कॉमिक्स आणतो लायब्ररीतून. त्याच्या वर्गशिक्षिकेने सांगितलं की हे वाचन नव्हे, घरी बंद करा. बंद करावं का?

भाषेचा तास

नका करू बंद. इथे मी मोकळं सोडायच्या बाजूने आहे.

१९८८ मध्ये हेज आणि आरेन्स या दोघांनी इंग्रजी मजकुरांतली शब्दसंपत्ती मोजली होती, नेहमीच्या वापरात नसलेले शब्द दर हजारात किती येतात ते. मुलांच्या पुस्तकांत साधारण ३१ निघाले, कॉमिक्समध्ये साधारण ५३, आणि उच्चशिक्षित मोठी माणसं मित्रांशी गप्पा मारतात त्यात फक्त १७ च्या आसपास. आकडे इंग्रजीचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लागू करू नयेत, पण छापील मजकुरात, मग तो फुग्यातला का असेना, बोलण्यापेक्षा जास्त नवे शब्द भेटतात हे कुठल्याही भाषेत तपासून बघता येईल. शिवाय चित्र आणि शब्द यांची सांगड घालत, दोन चौकटींच्या मधे काय घडलं ते मनाने भरत वाचावं लागतं.

त्याला कॉमिक्स वाचू द्या आणि त्याच विषयाचं एखादं थोडं जास्त मजकुराचं पुस्तक त्याच्या शेजारी नुसतं ठेवा. त्याने घेतलं तर घेतलं.

कानगोष्ट

मॅडम, ज्या मुलांना सलग वाचता येत नाही त्यांच्याबद्दल तुम्ही विचारलंय आणि अजून कोणी त्यावर बोललं नाही म्हणून लिहिते. मी वाचनात मागे राहिलेल्या मुलांसोबत काम करते.

आधी हे लक्षात घ्या की लायब्ररी या मुलांना वाचायला शिकवू शकणार नाही. अक्षर आणि आवाज यांची जोडणी, जोडाक्षरं, ओघ, हे वर्गात किंवा वेगळ्या वेळेत पद्धतशीर शिकवावं लागतं आणि कोणाला डिस्लेक्सियासारखी, म्हणजे अक्षरं आणि शब्द वाचणंच मुळात अवघड जाण्याची अडचण असेल तर तज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. पुस्तक हातात देऊन आपोआप येईल असं धरून चाललो तर मूल आणखी मागे पडतं. वाचनावर संशोधन करणारे कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हेच दाखवून दिलं की ज्याला नीट वाचता येतं तो जास्त वाचतो, त्याची शब्दसंपत्ती वाढते आणि पुढचं आणखी सोपं होतं, ज्याला येत नाही तो टाळतो आणि अंतर दर वर्षी वाढत जातं.

पण लायब्ररी एक फार मोठी गोष्ट करू शकते, ती म्हणजे त्या मुलाला गोष्टीपासून तुटू न देणं. खालच्या आणि मधल्या वर्गांत मुलांना वाचून जितकं समजतं त्यापेक्षा ऐकून बरंच जास्त समजतं. म्हणून मोठ्याने वाचून दाखवा. फक्त पाचवीला नाही, आठवी नववीलाही. तासाची पहिली दहा मिनिटं तुम्ही वाचायचं, चांगल्या जागी थांबायचं, आणि ते पुस्तक टेबलावर ठेवून द्यायचं. ज्याला वाचता येतं तो ते घेऊन जाईल, ज्याला येत नाही त्याच्याकडेही त्या दिवशी वर्गात बोलायला काहीतरी असेल. माझ्याकडे येणारी जी मुलं घरीदारी गोष्टी ऐकत आलीत ना त्यांच्यात आणि ज्यांनी काहीच ऐकलेलं नाही त्यांच्यात शिकायच्या इच्छेचा फरक मला पहिल्याच भेटीत जाणवतो.

ऑडिओबुक असेल तर छापील प्रत समोर ठेवून ऐकू द्या, बोट फिरवत. वरच्या इयत्तांसाठी अशी पुस्तकं शोधा की भाषा सोपी, वाक्यं छोटी, अक्षर मोठं, पण विषय त्यांच्या वयाचा. चौदा वर्षांच्या मुलाला ससा आणि कासव देऊ नका, त्याला त्यात अपमान वाटतो, आणि बाकावरचीने स्टिकरचं लिहिलंय ते याच कारणाने अगदी बरोबर आहे. खेळाडूंची माहिती, रेकॉर्ड, यंत्रं कशी चालतात, प्राणी, अपघात आणि बचावाच्या खऱ्या घटना, असं चालतं.

पुस्तक झेपेल का हे मुलालाच तपासू द्या. मधलंच एक पान उघडायचं, वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पान संपायच्या आत पाचही दुमडली तर हे पुस्तक सध्या कोणाच्या तरी सोबत वाचायचं. अंदाजाची पद्धत आहे, नियम नाही. पाच बोटं दुमडूनही त्याला तेच हवं असेल तर नेऊ द्या.

सातवी ब

वरच्या वर्गांना वेळ नाही म्हणतात त्यावर, घरी वेळ नसतोच त्यांना, हे खरंय, म्हणून शाळेतच वेळ दिला पाहिजे. आणि सुट्टीत लायब्ररी बंद करू नका! परीक्षेच्या आधी सगळी पुस्तकं जमा करून घेतात आणि मग नेमकं जेव्हा मुलांकडे वेळ असतो तेव्हा सगळं कपाटात. अमेरिकेत ॲलिंग्टन आणि मॅकगिल-फ्रान्झेन यांनी गरीब घरांतल्या मुलांना सलग तीन वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रत्येकी बारा पुस्तकं दिली, मुख्य म्हणजे मुलांनी स्वतः निवडलेली, शिकवणी नाही काही नाही, आणि २०१० मध्ये लिहिलं की ज्यांना पुस्तकं मिळाली नव्हती त्या मुलांपेक्षा ही मुलं वाचनात पुढे होती. पुस्तकं निवडायला द्या आणि सुट्टीत घरी जाऊ द्या, एवढंच.

शाईपेन

याला जोडून, २००० च्या पिसा चाचणीत, म्हणजे अनेक देशांतल्या मुलांची एकत्र घेतली जाते त्या चाचणीत, पंधरा वर्षांच्या मुलांबद्दल असं दिसलं होतं की ज्यांच्या पालकांचा व्यवसाय कनिष्ठ स्तरातला पण मुलं आवडीने खूप वाचतात, ती मुलं वाचनाच्या गुणांत वरच्या स्तरातल्या पण न वाचणाऱ्या मुलांच्या पुढे होती. यावरून वाचनामुळेच गुण आले असं सिद्ध होत नाही, दोन्ही गोष्टी एकमेकींना वाढवत असतील, पण दहावीच्या पालकांना लायब्ररीचा तास वाया जातो असं वाटत असेल तर त्यांच्यापुढे ठेवण्यासारखं आहे.

गणितमॅडम

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं. त्यांनी कपाटं उघडायला होकार दिलाय, संदर्भग्रंथ सोडून. हरवलेल्या पुस्तकांचं समितीपुढे ठेवायचं हेही मान्य. बक्षिसाऐवजी मालिकांचे भाग, यावर ते लगेच हो म्हणाले, मला आश्चर्य वाटलं. परीक्षण वही मात्र त्यांना हवीच आहे, तपासणीला दाखवायला काहीतरी लागतं म्हणतात. तेव्हा चिठ्ठ्याच वर्गाच्या एका मोठ्या वहीत चिकटवायच्या असं मी सुचवलंय, विचार करून सांगतो म्हणालेत.

नववीतली चार मुलं आणि दोन मुली मधल्या सुट्टीत लायब्ररी सांभाळायला तयार झाल्यात. त्यातला एक मुलगा स्वतः फारसा वाचत नाही, पण त्याने पहिल्याच दिवशी सगळी खेळाची पुस्तकं शोधून एका फळीवर लावली.

आता एकच शंका. मी कधी वर्गात मोठ्याने गोष्ट वाचलेली नाही, आवाजात चढउतार वगैरे मला जमत नाही. नववीच्या मुलांपुढे दहा मिनिटं वाचायचं तर काय निवडू आणि कसं वाचू?

कानगोष्ट

नाटकी वाचायची अजिबात गरज नाही. तुम्ही गणित समजावता त्याच आवाजात वाचा, फक्त नेहमीपेक्षा थोडं सावकाश. आधी घरी एकदा मोठ्याने वाचून बघा म्हणजे अडखळायच्या जागा कळतील. सुरुवातीला पूर्ण कादंबरी नको, दहा मिनिटांत संपणारी कथा किंवा खऱ्या घटनेवरचा लेख घ्या, आणि तुम्हाला स्वतःला आवडलेलाच घ्या, न आवडलेलं वाचताना मुलांना लगेच कळतं. सोबत पहिले काही दिवस मधेच थांबून प्रश्न विचारू नका. वाचून झालं की पुस्तक टेबलावर ठेवा आणि तासाला सुरुवात करा.

बाकावरची

गणिताची कोडी आणि गणितज्ञांच्या आयुष्यातल्या घटना वाचा ना मॅडम. तुमच्याकडून ऐकायला मजा येईल त्यांना. आणि ५१० ची, म्हणजे गणिताची फळी पण उघडी ठेवा.